पिकअपचं पासिंग, पेलोड आणि जीव्हीडब्ल्यू: आरसी बघून खरा हिशोब कसा लावायचा

पिकअप घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती टन भरते? समोरचा पण लगेच सांगतो दीड टन, पावणेदोन टन, आणि विषय तिथंच संपतो, मग ईएमआय आणि अ‍ॅव्हरेजच्या गप्पा सुरू. पण भाड्याचा धंदा करणाऱ्याला किंवा स्वतःचा माल मार्केटला नेणाऱ्या शेतकऱ्याला खरं तर याच एका आकड्यावर सगळं बसवायचं असतं, आणि नेमका तोच आकडा नीट कुणी फोडून सांगत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहितोय, जरा मोठं होईल पण गाडी बुक करायच्या आधी एकदा वाचाच.

आधी तीन वजनं डोक्यात पक्की करा. पहिलं जीव्हीडब्ल्यू (ग्रॉस व्हेइकल वेट), म्हणजे गाडी, माल, माणसं, डिझेल, स्टेपनी, ताडपत्री, जे काही त्या चार चाकांवर उभं आहे ते सगळं मिळून जास्तीत जास्त किती चालेल ते. कायद्याच्या भाषेत हे आरटीओनं नोंदवलेलं वजन असतं, आणि रस्त्यावर तुम्हाला अडवलं तर तुलना याच्याशीच होते, कॅटलॉगशी नाही. दुसरं अनलॅडन वेट, रिकाम्या गाडीचं वजन. यात कामाला लागणारं नेहमीचं सामान धरलेलं असतं पण ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात, मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच तसं आहे, आणि हेच लोकांना माहीत नसतं. तिसरं पेलोड, म्हणजे पहिल्यातून दुसरं वजा करून जे उरतं ते. आरसीवर पेलोड लिहिलेलं नसतं, ते आपणच काढायचं, जीव्हीडब्ल्यू (जुन्या आरसीवर लॅडन वेट किंवा आरएलडब्ल्यू असं दिसेल) वजा अनलॅडन. आपल्याकडं ड्रायव्हर लोक ज्याला "पासिंग" म्हणतात ते कधी पूर्ण जीव्हीडब्ल्यूला म्हणतात तर कधी नुसत्या पेलोडला, त्यामुळं कुणी म्हणालं पासिंग दोन टन आहे तर आधी विचारायचं की गाडीसकट का गाडी सोडून, कारण त्यात जमीन अस्मानाचा फरक पडतो.

आता खरा हिशोब. समजा आरसीवर जीव्हीडब्ल्यू २,९९० आहे आणि अनलॅडन १,६९०. म्हणजे पेलोड १,३०० किलो, ऐकायला छान. आता तुम्ही आरटीओ नोंदणीनंतर हौद्याला वरून लोखंडी जाळी मारून घेतली, फाळके उंच केले, त्याचं धरा ११० किलो. ताडपत्री, दोर, टूलबॉक्स, फळ्या मिळून ३५. ड्रायव्हर ७०. काट्यावर गाडी लावली तर रिकामीच १,९०५ भरली. उरले १,०८५. सोबत दोन हमाल बसले तर अजून १३० गेले, राहिले ९५५. पन्नास किलोच्या गोण्या धरल्या तर कागदावर २६ बसत होत्या, प्रत्यक्षात १९. सात गोण्यांचा फरक, आणि माल अजून एक किलोसुद्धा ओव्हरलोड भरलेला नाही, फक्त गाडी जड झालीय. हे आकडे समजायला घेतलेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील, पण काट्यावरचं वजन आरसीपेक्षा जास्तच निघतं हे धरून चाला.

म्हणून माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं की गाडी ताब्यात आली, बॉडीचं सगळं काम झालं, की टाकी फुल करून, नेहमीचं सगळं सामान टाकून, ड्रायव्हर आत बसवून एकदा जवळच्या वजनकाट्यावर काटा करा. बाजार समितीच्या बाहेर, साखर कारखान्याकडं, क्रशरजवळ भुईकाटे असतातच. त्या पावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू वजा ही पावती, हाच तुमचा खरा पेलोड, आणि तो आकडा ऑइलपेंटनं केबिनच्या आत लिहून टाका म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी त्याला विचारावं लागत नाही. शक्य असेल तर दुसरा काटा पण करा, फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून, त्याचं काम पुढं सांगतो.

एक गोष्ट इथंच सांगतो. जाळी, बंद बॉडी, कोल्ड बॉक्स असलं जड काम करायचंच असेल तर ते रजिस्ट्रेशनच्या आधी करून घ्या, म्हणजे ते अनलॅडन वजनात धरलं जातं आणि आरसीवर खरा आकडा येतो. नंतर केलं तर आरटीओकडं नोंद करून घ्यावी लागते. कायद्यात फक्त भरलेल्या गाडीचं वजन जास्त असणं हाच गुन्हा नाहीये, रिकामी गाडी आरसीवरच्या अनलॅडनपेक्षा जड भरली तर तेही कलम ११३ मधे बसतं. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

आता वजनाचे वर्ग. भारतात मालवाहू गाड्यांचे तीन गट आहेत, एन१ म्हणजे ३.५ टनापर्यंत जीव्हीडब्ल्यू, एन२ म्हणजे ३.५ च्या वर ते १२ टन, आणि १२ च्या वर एन३. आपल्या जवळपास सगळ्या पिकअप एन१ मधे येतात, छोटा हत्ती म्हणजे टाटा एस (२००५ साली आलेली ती गाडी, तिनं ही सगळी बाजारपेठच उभी केली) पासून बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा, दोस्तपर्यंत. बोलेरो पिकअपच्या नावातच १.३ किंवा १.७ असा आकडा असतो, तो पेलोडचा, टनात. इंट्राच्या व्ही३० ला १,३०० किलो आणि व्ही५० ला १,५०० किलो, योद्धा २.० मधे २,००० किलो. पण हे परत तेच, कंपनीतनं बाहेर पडलेल्या गाडीचे आकडे.

पण गाडी निवडताना एन१ एन२ पेक्षा जास्त कामाच्या तीन रेषा आहेत. पहिली ३,००० किलो. जीव्हीडब्ल्यू ३,००० च्या आत असेल तर मालवाहतुकीला परमिट लागत नाही, कलम ६६ मधे तशी सूट आहे. म्हणून तर बाजारात एवढ्या गाड्या बरोबर तीन हजाराच्या किंचित खाली पास केलेल्या दिसतात, तो योगायोग नाही. तुमचं काम टनभराच्या आसपासचंच असेल तर या रेषेच्या आत राहा, परमिटचं एक झंझट कायमचं मिटतं. मात्र परमिट नाही म्हणजे काहीच नाही असं समजू नका, फिटनेस लागतोच, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, इन्शुरन्स पीयूसी वेगळं. दुसरी रेषा ३,५०० ची, तिथं एन१ संपतो, दोन टनी पिकअप या रेषेला टेकून असतात. तिसरी ७,५०० ची, ती लायसन्सची. जीव्हीडब्ल्यू ७,५०० किलोच्या आत म्हणजे एलएमव्ही (हलकं मोटार वाहन), आणि साध्या एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते का यावर कितीतरी वर्षं क्लेमचे खटले चालले, इन्शुरन्स कंपन्या ट्रान्सपोर्टचा शेरा नाही म्हणून पैसे नाकारायच्या. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलं की चालतं, मग परत वाद झाला आणि शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तेच कायम केलं, की ७,५०० च्या आतल्या गाडीला वेगळा शेरा लागत नाही. पिकअपच्या ड्रायव्हरसाठी हा फार मोठा दिलासा आहे, लायसन्सवर शेरा नाही म्हणून घाबरलेली पोरं अजून भेटतात, त्यांना हे सांगा.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या ट्रकचे व्हिडिओ बघून बरेच जण गोंधळतात म्हणून थोडं त्याबद्दल पण लिहितो. तिकडं वर्ग १ ते ८ असे आहेत आणि ते पौंडात मोजतात, ६,००० पौंडापर्यंत क्लास १, तिथून १०,००० पर्यंत क्लास २, १४,००० पर्यंत क्लास ३, असं करत ३३,००० च्या वर क्लास ८. आपल्या किलोत ६,००० पौंड म्हणजे साधारण २,७२० आणि १०,००० म्हणजे ४,५३५. हाफ टन, थ्री क्वार्टर टन, वन टन ही नावं जुन्या काळातल्या पेलोडवरून पडली, आता त्यांचा खऱ्या वजनाशी संबंध राहिलेला नाही, आजची हाफ टन ट्रक अर्ध्या टनापेक्षा सहज जास्त उचलते. रेषेच्या अलीकडं पलीकडं गाडी बसवायचा खेळ तिकडं पण आहेच, फोर्डनं एफ १५० काढली ती १९७५ च्या मॉडेलला, मुद्दाम ६,००० पौंडाच्या किंचित वर, म्हणजे त्याच्या आतल्या गाड्यांना लागू झालेले प्रदूषणाचे नियम तिला लागू नयेत. जे आपले लोक तिकडं राहतात आणि पिकअप घेतात त्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा, माणसं आणि सामान मिळून किती पौंडाच्या वर जायचं नाही हे त्या त्या गाडीसाठी वेगळं छापलेलं असतं, जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो. आणि ट्रेलर ओढणार असाल तर हिचवर (ट्रेलर जोडायच्या हुकावर) येणारं वजन, साध्या ट्रेलरला साधारण एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, तेसुद्धा याच पेलोडमधून वजा होतं. ५,००० पौंडांचा ट्रेलर जोडला की पाचशे ते साडेसातशे पौंड तिथंच संपले, मग बायका पोरं आणि सामान उरलेल्यात बसवायचं.

बरं, आपल्याकडं परत येऊ. पेलोडचा आकडा हातात आला तरी माल किती टनाचा आहे हे नजरेनं कळत नाही, इथंच सगळे फसतात. हौदा अर्धा रिकामा दिसतोय म्हणून माणूस अजून टाकतो. सिमेंटचं सोपं, ५० किलोची बॅग, २० बॅगा म्हणजे एक टन. पाणी एक लिटर एक किलो, त्यामुळं हजार लिटरची टाकी भरून ठेवली की टनाच्या वर झालंच, वर पाणी हलतं ते वेगळं, वळणावर गाडी ढकलल्यासारखी जाते, टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी न्या. लाल विटा तीन किलोच्या आसपास, म्हणजे ४०० विटांना बाराशे किलो, आणि ४०० विटा हौद्यात काहीच वाटत नाहीत. सळईला तर सूत्रच आहे, मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो, १२ एमएमची १२ मीटरची सळई पावणे अकरा किलोच्या आसपास.

आणि वाळू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर, कोरडी वाळूसुद्धा घनमीटरला दीड ते एक पॉइंट सहा टन भरते, म्हणजे ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन, ओली असेल तर अजून जास्त. म्हणजे अर्धा ब्रास पण दोन टनाच्या वर जातो. एन१ मधल्या कुठल्याच पिकअपमधे अर्धा ब्रास कायदेशीर बसत नाही, सगळ्यात मोठ्या दोन टनीत पण नाही. पाव ब्रास, तोही दीड टनी गाडीत आरामात, हे खरं माप. तरी रोज अर्धा ब्रास टाकून पिकअप पळताना दिसतात, आणि मग दीड वर्षात चेसिस वाकली म्हणून कंपनीला शिव्या.

कांद्याचं उलट असतं, गोणीत असेल तर मोजता येतं पण लासलगाव पिंपळगावला मोकळा कांदा पिकअपमधे भरून लिलावाला नेतात तेव्हा अंदाजच असतो. तिथं एक सोपी गोष्ट करता येते, लिलावानंतर काट्याची पावती मिळतेच, भरलेलं आणि रिकामं दोन्ही वजन त्यावर असतं, तेव्हा हौद्यात माल फाळक्याच्या कुठपर्यंत होता ते लक्षात ठेवा आणि आतून पेंटनं खूण करा. दोन तीन खेपांत तुम्हाला बरोबर कळतं की कांदा इथपर्यंत म्हणजे एक टन. मका, सोयाबीन, टोमॅटोची क्रेट, प्रत्येकाची खूण वेगळी येते.

आता तो दुसरा काटा, मागच्या चाकांचा. एकूण वजन बरोबर असलं तरी ते कुठं ठेवलंय त्यानं सगळा फरक पडतो. समजा पुढचं आणि मागचं चाक यात तीन मीटर अंतर आहे, आणि हजार किलो माल असा लावला की त्याचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या तीस सेंटिमीटर मागं आला, तर मागच्या अ‍ॅक्सलवर हजार नाही अकराशे किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे शंभर किलो उलटे कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर वळत नाही, ब्रेक दाबला की पुढची चाकं घसरतात. त्याच मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या तीस सेंटिमीटर पुढं आला तर मागं नऊशे आणि पुढं शंभर वाढतात, गाडी एकदम शहाण्यासारखी चालते. म्हणून जड माल केबिनला टेकवून लावायला सुरुवात करायची, हलका माल फाळक्याकडं. हमाल लोकांना फाळक्याजवळ टाकून मोकळं व्हायचं असतं, त्यात त्यांची चूक नाही, पण ड्रायव्हरनं उभं राहून लावून घेतलं पाहिजे.

टायर पण इथंच बघायचा. टायरच्या बाजूला साइजच्या पुढं एक आकडा असतो, उदाहरणार्थ १०६/१०४, हा लोड इंडेक्स. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो, १०४ म्हणजे ९०० (मागे जोडचाक असेल तेव्हाचा), १०० म्हणजे ८००. मागं दोन टायर १०६ चे असतील तर त्या अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त १,९००. रिकाम्या गाडीचं मागच्या चाकांवर ७५० येत असेल तर वर साधारण साडेअकराशे राहिले, तिथं दीड टन टाकलं की टायर मर्यादेच्या साडेतीनशे किलो वर गेला, आणि हे पण कंपनीनं सांगितलेली हवा पूर्ण असेल तेव्हाच. हवा कमी आणि वजन जास्त असलं की टायरची बाजू सारखी दुमडत राहते, आतून तापतो, आणि मे महिन्यात समृद्धीवर दुपारी बारा वाजता तो फुटतो तेव्हा गाडी कुठं जाईल ते कुणाच्याच हातात नसतं. टायर बदलताना स्वस्तातला कमी इंडेक्सचा बसवू नका, शंभर दोनशे रुपयांसाठी हा धोका घेऊ नका.

पाटे (मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवण्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण गॅरेजवाला हमखास म्हणणार की दोन पाटे जास्त टाकू, मग अडीच टन भर बिनधास्त. पाटे वाढवले की गाडी मागं बसलेली दिसत नाही, एवढंच होतं. ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, व्हील बेअरिंग, नटबोल्ट, टायर, चेसिस सगळं तेच, आणि आरसीवरचा आकडा पण तोच. उलट गाडी बसलेली दिसली की ड्रायव्हरला कळत तरी होतं की जास्त झालंय, ती खूणच आपण काढून टाकतो. ब्रेकला थांबवायची ताकद वजनाबरोबर लागते, त्याच वेगात दुप्पट वजन म्हणजे दुप्पट उष्णता, आणि कसारा किंवा बोर घाट उतरताना ती सगळी ड्रममधे साठते, खाली येईपर्यंत पेडल नरम होतं. भरलेली गाडी ज्या गिअरमधे चढली असती त्याच गिअरमधे उतरवायची, न्यूट्रल तर अजिबात नाही.

दंडाचं पण माहीत हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनामागे २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा खर्च तुमचा, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. माल हौद्याच्या बाजूनं, पुढं, मागं किंवा ठरलेल्या उंचीच्या वर बाहेर आला तर त्याला वेगळे २०,०००. काट्यावर चल म्हटलं आणि गाडी थांबवली नाही किंवा काट्याला नकार दिला, किंवा आधीच माल उतरवून टाकला, तर ४०,०००. अधिकारी तुम्हाला पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आतल्या काट्यावर नेऊ शकतो. आणि ड्रायव्हर चालवत होता, मला माहीत नव्हतं, हे मालकाला म्हणून चालत नाही, मालकाच्या माहितीनं किंवा सांगण्यावरून भरलं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. एका खेपेला पाच गोण्या जास्त टाकून जे दोनचारशे रुपये सुटतात त्याच्यासमोर हे आकडे ठेवून बघा.

हौद्यात माणसं बसवण्याबद्दल कळकळीनं सांगतो. लग्नसराईत वऱ्हाड, ऊसतोड, जत्रा, वीस वीस जण उभे असतात. वीस माणसं म्हणजे बाराशे किलो, आणि ते उभं वजन असतं, गोणीसारखं खाली बसलेलं नाही, त्यामुळं वळणावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसला तर विम्यात धरतात, असे फुकट बसवलेले प्रवासी धरत नाहीत. अपघात झाला तर त्या घरांना विम्यातून काही मिळेल याची खात्री नसते आणि गाडीवाला आयुष्यभर कर्ज फेडतो. नातेवाईक कितीही रागावले तरी नाही म्हणा.

जुनी पिकअप घेत असाल तर शेवटचं एवढं बघा. गाडीवरची कंपनीची प्लेट शोधा, त्यावरचं जीव्हीडब्ल्यू आणि आरसीवरचं एकच आहे ना ते जुळवा. मागचे पाटे मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी तुलना करा, जास्त असतील तर ही गाडी कायम जास्तच वाहत होती. खाली वाकून चेसिसला केबिन आणि हौद्याच्या मधल्या भागात आणि पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ टॉर्च मारा, वेल्डिंगचे डाग, पट्टी मारलेली, ताजा काळा रंग फक्त तेवढ्याच जागी, असं काही दिसलं तर किंमत कितीही कमी सांगू दे, सोडून द्या. हौद्याच्या आणि केबिनच्या मधली फट वर आणि खाली सारखी आहे का ते बाजूनं लांब उभं राहून बघा, वर कमी आणि खाली जास्त असेल तर चेसिस मधे खचलीय. आणि व्यवहाराच्या आधी मालकाला म्हणा चला एकदा काट्यावर, शंभर दीडशे रुपयाची पावती आहे, रिकाम्या गाडीचं वजन आरसीच्या अनलॅडनपेक्षा दीडशे दोनशे किलोनं जास्त निघालं तर ते लोखंड नक्की कुठं लावलंय आणि आरसीवर चढवलंय का, ते विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.